ताणनकाशातलं लाल नाव

नकाशात दिनकरअण्णांचं नाव लाल आलं, ते सगळ्यांत आधी त्यांच्या जावयानं पाहिलं आणि बिचारा ते गिळून गप्प बसला. सांगणार तरी कोणत्या तोंडानं? सासरा रोज सकाळी उठून स्वतःच्या हातानं मुगाची पातळ खिचडी करणार, डबा पिशवीत घालून दवाखान्यात येणार, आणि त्याला म्हणायचं की अण्णा, उद्यापासून येऊ नका, तुमच्यामुळे तुमची लेक बरी व्हायची थांबलीय! हर्षल तसा भिडस्त मुलगा. त्यानं ते काम इनामदार डॉक्टरीणबाईंवर ढकललं आणि स्वतः औषधं आणायच्या निमित्तानं खाली सटकला.

"या शेवाळेकाका, बसा. चहा घेणार का?"

डॉक्टर स्वतःहून चहा विचारतात म्हणजे बातमी धड नाही, हे न कळण्याइतके अण्णा दुधखुळे नव्हते. कराडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत त्यांची उभी हयात गेली होती. गाडी रद्द झाली की तावातावानं आलेल्या माणसाला ते स्वतःच आधी "बसा, पाणी घ्या" म्हणायचे.

"चहा राहू द्या," ते म्हणाले. "ऋजूचं काय ते सांगा."

ऋजुता म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. लग्न होऊन पुण्यात आली, नोकरीत रुळली आणि रक्ताचा कर्करोग निघाला. तेव्हापासून अण्णा कराड सोडून तिच्याच घरी मुक्कामाला होते. नेहमीची औषधं थकली तेव्हा डॉक्टरांनी वेगळा उपाय धरला. तिच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी बाहेर काढल्या, प्रयोगशाळेत त्यांना कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवलं आणि परत तिच्या अंगात सोडल्या. आता त्या पेशींनी आत भराभर वाढायचं आणि रोग शोधून खायचा. वाढल्या तर ऋजुता वाचणार, नाही वाढल्या तर नाही. मधलं काही नव्हतं.

"पेशी वाढत नाहीयेत, काका," डॉक्टर म्हणाल्या. "आणि का वाढत नाहीत ते आम्हाला दिसतंय. माणूस घाबरला की मेंदू मूत्रपिंडांवरच्या दोन छोट्या ग्रंथींना निरोप धाडतो. त्या कॉर्टिसॉल नावाचं रसायन रक्तात सोडतात. समोर वाघ आला असेल तर हे चांगलंच. शरीर म्हणतं, सगळी ताकद पायांत आणा, आधी पळा, रोगबिग नंतर बघू. आणि रोगाशी लढणाऱ्या पेशींना तेवढ्यापुरतं गप्प बसवतं. वाघ गेला की त्या परत कामाला लागतात. पण वाघ रोज यायला लागला तर?"

"तर गप्पच राहणार."

"बरोबर. या पेशी कधी जास्तच उसळल्या तर आवरायला आम्ही स्टेरॉइड देतो. कॉर्टिसॉल म्हणजे शरीरानं घरच्या घरी केलेलं तसलंच औषध. आम्ही एका बाजूनं पेशी सोडतोय आणि तिचं अंग दुसऱ्या बाजूनं त्यांना झोपवतंय."

यात नवं असं काही नव्हतं. परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांच्या जखमा उशिरा भरतात, घरातल्या आजाऱ्याचं वर्षानुवर्षं करणाऱ्यांना सर्दी-पडसं चटकन धरतं, हे शास्त्रज्ञांनी केव्हाच मोजून ठेवलं होतं. नवा होता तो धागा. केसाएवढा धागा ऋजुताच्या गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवलेला होता. रक्तातलं कॉर्टिसॉल किती, लढाऊ पेशी एकमेकींना काय निरोप देतायत, हे तो क्षणाक्षणाला टिपायचा आणि त्याचा एकच आकडा करायचा. त्याला सगळे पेशीअंक म्हणत. अंक चढला की पेशी जोमात, उतरला की मरगळलेल्या. खोलीत कोण आलं, काय बोललं, बाहेर कुठली गाडी किंचाळली, हेही एक यंत्र ऐकत असे आणि अंकाशी जुळवून बघत असे. त्यातून तयार व्हायचा तो ताणनकाशा. ज्या माणसामुळे अंक उतरतो त्याचं नाव लाल.

डॉक्टरांनी पडदा अण्णांकडे वळवला. हर्षल हिरवा होता. रात्रपाळीची सिस्टर हिरवी होती. ऋजुताची ऑफिसातली मैत्रीण, जी आली की नुसत्या चहाड्या करायची, तीसुद्धा हिरवीगार! आणि त्या सगळ्यांत वर, एकटं, लालभडक लिहिलेलं होतं: अण्णा.

"म्हणजे तो वाघ मी?" अण्णांनी विचारलं.

त्यांना वाटलं, बाई हसतील. बाई हसल्या नाहीत.

"तुमचं काही चुकत नाही, काका. तुम्हाला तिची काळजी वाटते, ती तुमच्या तोंडावर दिसते आणि ते बघून ती घाबरते. एवढंच आहे."

"मग मी काळजी नाही करत!" अण्णा म्हणाले. आपण काय बोललो हे त्यांच्याच लक्षात आलं आणि ते ओशाळले. बायको गेल्यापासून त्यांनी दुसरं केलं काय होतं? पोरगी शिंकली की थर्मामीटर. पोरगी सहलीला निघाली की त्या गाडीच्या ड्रायव्हरची चौकशी. शेजारपाजारचे हसायचे, पण आईविना पोर वाढवणं म्हणजे काय असतं ते त्यांना काय कळणार, असं म्हणून अण्णा काळजीचं काम नेमानं करत राहिले होते.

डॉक्टरांनी त्यांना आणखी एक संधी दिली. थोडाच वेळ जायचं, आजाराबद्दल अवाक्षर काढायचं नाही. अण्णा गेले. खोलीचं काचेचं दार सरकलं, आत गेले, खुर्चीवर टेकले आणि कपाळावर आठी पडू नये म्हणून भुवया वर ताणून बसले.

"अण्णा, जेवलात का?" ऋजुतानं विचारलं. डोक्यावर केस नव्हते, डोळे मात्र तेच, तिच्या आईचे, शैलजाचे.

"जेवलो की."

"काय जेवलात?"

अण्णा शर्टाची बाही सारखी करायला लागले.

"म्हणजे नाही जेवलात. आणि गुडघ्याला तेल लावताय ना? हर्षल म्हणत होता, जिना उतरताना कठडा धरता म्हणून. अण्णा, तुम्ही पडलात तर कोण बघणार तुमच्याकडे? मी तर इथं." बोलता बोलता तिला धाप लागली. दारावर पेशीअंकाचा दिवा होता, तो हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा तांबडा. कोण कुणाची काळजी करतंय हे बघायला यंत्राची गरज नव्हती. सिस्टर दारात येऊन उभी राहिली आणि अण्णा न सांगताच उठले.

आता ऐका, या माणसानं काय डोकं चालवलं ते. पुण्यातच त्यांचा एक जुना दोस्त राहत होता, बापू कणसे. कराडात बापूचं औषधांचं दुकान होतं. आता तो मुलाकडे राहून नातवंडं सांभाळत होता. अण्णा दुपारच्याला त्याच्या दारात हजर.

"बापू, काळजी बंद करायची गोळी दे."

"दिनू, लेका, तुझी काळजी बंद करायची म्हणजे बुलडोझर लागेल."

"थट्टा नको. भाषणाला उभे राहणारे घेतात ना, छाती धडधडू नये म्हणून, ती दे. बरोबर दुसरी कुठली डोकं शांत करणारी असेल तर तीपण दे."

बापूनं त्यांच्याकडे नीट बघितलं आणि त्याची थट्टा जागच्या जागी विरली. त्यानं आढेवेढे घेतले, डॉक्टरांना विचार म्हणाला, शेवटी स्वतःच्या डब्यातल्या दोन गोळ्या काढून हातावर ठेवल्या. डॉक्टरांना विचारायचं अण्णांच्या मनातही आलं नाही. नको म्हणाल्या असत्या तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळ्या घेऊन अण्णा गेले. आणि खरोखर चमत्कार! हात थरथरत नव्हते. छातीत काही हलत नव्हतं. मनातली भीती कुठं गेली नव्हती, पण शेजारच्या बिऱ्हाडातलं भांडण ऐकू यावं तशी ती भिंतीपलीकडून पुसट ऐकू येत होती. अण्णा खुर्चीत ऐसपैस बसले, पायावर पाय टाकला आणि चक्क गप्पा मारायला लागले.

"तुला सांगितलंय का गं, एक पाहुणा रत्नागिरीला निघाला होता. गाडीत बसला तो ढाराढूर झोपला. गाडी रत्नागिरीला गेली, फिरून परत कराडला आली, तरी हा झोपलेलाच. मी उठवला. तर खाली उतरून मलाच विचारतो, मास्तर, समुद्र कुठंय?"

स्वतःच सांगून अण्णा स्वतःच हसले, मनापासून हसले. ऋजुता हसली नाही. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली होती आणि तिच्या ओठांचा रंग उडाला होता.

"अण्णा, डॉक्टर काय म्हणाल्या?"

"काही नाही. सगळं झकास चाललंय."

"खरं सांगा."

"अगं खरंच! तू कशाला काळजी करतेस?"

"अण्णा, तुम्ही हसताय," ती म्हणाली. आवाज लहान पोरीसारखा झाला होता. "आई गेली त्या आठवड्यात तुम्ही असेच हसत होतात."

दारावरचा दिवा तांबडा तर झालाच, वर टिंगटिंग वाजायला लागला. सिस्टर धावत आली, तिच्यामागून दुसरी आली. कुणीतरी अण्णांना दंडाला धरून बाहेर काढलं. गोळीचा अंमल होता म्हणून की काय, बाहेर बाकावर बसेपर्यंत त्यांना काही वाटलंसुद्धा नाही. मग वाटलं, आणि असं वाटलं की दोन्ही हातांनी तोंड झाकून बसावं लागलं.

शैलजा आजारी होती तेव्हा घरातल्या मोठ्यांनी ठरवलं होतं की तिला काही कळू द्यायचं नाही. आपल्याकडे असंच करतात. डॉक्टरांनी हात टेकले की आजाऱ्याभोवती सगळे हसायला लागतात. तिच्यासमोर डोळ्यांत पाणी दिसता कामा नये, दिनकर, आत जाताना हसत जायचं, असं थोरल्या बहिणीनं बजावलं होतं आणि अण्णा हसत आत गेले होते. स्टँडवरच्या गमती सांगितल्या होत्या. शैलजाही हसली होती, बहुतेक त्यांच्यासाठी. चौथीतली ऋजू दाराला टेकून उभी होती, तिला कोण विचारतो? तिनं तेव्हाच काय ते समजून घेतलं होतं. अण्णा चिंतेत आहेत म्हणजे अजून आशा आहे. अण्णा निवांत झाले म्हणजे संपलं. इतक्या वर्षांत हे तिनं त्यांना कधी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

म्हणजे काळजीचं तोंड घेऊन गेलं तरी पोरगी घाबरते, आणि शांत तोंड घेऊन गेलं तर त्याहून घाबरते! मग आता तोंड आणायचं तरी कुठून?

त्यानंतर ऋजुताला ताप भरला. कुठल्याशा क्षुल्लक जंतूनं, जो एरवी तिच्या अंगानं सहज परतवला असता, तिच्या फुप्फुसात ठाण मांडलं. अंगात सोडलेल्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या. ताप उतरायला बरेच दिवस लागले. अण्णा त्या सगळ्या दिवसांत खालच्या मजल्यावर बसून होते. वर जायला ना त्यांना कुणी सांगितलं, ना त्यांचं धाडस झालं. आपण गोळ्या घेतल्या हे त्यांनी डॉक्टरांना सांगून टाकलं. शिव्या खायची तयारी ठेवली होती. बाई फक्त म्हणाल्या, "काका, तुम्ही तरी काय करणार होतात!" शिव्या परवडल्या असत्या.

शिकवलेल्या पेशींची अर्धी पिशवी गोठवून राखून ठेवली होती. ती आता द्यायची होती. पुन्हा नव्यानं पेशी तयार करायला तिच्या रक्तात धड पेशीच उरल्या नव्हत्या, त्यामुळे ही पिशवी शेवटची. देण्याच्या आदल्या दिवशी हर्षल खाली आला.

"अण्णा, तिनं बोलावलंय."

अण्णा कठडा न धरता जिना चढले. काचेपाशी पोहोचले तर आतून पडदा ओढलेला. दाराशेजारच्या छोट्या जाळीतून तिचा आवाज आला.

"अण्णा, तिथं आहात ना?"

"आहे गं. पडदा बाजूला कर की."

"नको. राहू दे. अण्णा, मला तुमचा राग नाही. गोळ्यांचा तर नाहीच. पण मी लहानपणापासून ताप आला की आधी तुमच्याकडे बघते. तुम्ही किती घाबरलाय त्यावरून मला कळतं मी किती आजारी आहे. ती सवय काही केल्या जात नाही. त्या समुपदेशक बाई रोज येतात, मी डोळे मिटून श्वास मोजते, तरी तुमचं पाऊल वाजलं की आत काहीतरी धडकन होतंच."

"बरं, मग मी आत नाही येत. बाहेर या बाकावर बसतो. तुला दिसणारसुद्धा नाही."

"तुम्ही बाकावर आहात हे मला कळणारच ना. मग जेवले असतील का, पाठ दुखत असेल का, मी गेले तर यांचं कसं होणार, हेच चालू राहतं डोक्यात. तुम्हाला सांभाळायला माझ्याकडे ताकद नाही हो उरली. आहे ती सगळी इकडेच लागणार आहे."

अण्णांनी काचेला हात लावला. काच गार होती.

"मग मी काय करू, ऋजू? तूच सांग."

"कराडला जा. फोन करू नका. हर्षललासुद्धा सारखा करू नका, त्याच्या आवाजावरून मला कळतं तुमच्याशी बोललाय ते. मला जमेल तेव्हा मीच करीन."

"आणि काही झालं तर? मी तिकडं आणि तू…"

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली.

"हेच ते, अण्णा," ती म्हणाली. ती रडत होती. "हेच. मला जगायचंय. जा ना तुम्ही, प्लीज जा."

दारावर भेटायला येणाऱ्यांची नावं झळकायची, आणि कुणाला घ्यायचं ते आजारी माणूस आतून ठरवायचा. अण्णांच्या डोळ्यांदेखत त्यांचं नाव तिथून पुसलं गेलं. हर्षलनं पुसलं नाही की डॉक्टरांनी पुसलं नाही. आत एकटी तीच होती.

दवाखान्यातून स्टँडपर्यंत हर्षलनं सोडलं. "अण्णा, अंक तेवढा तुमच्या फोनवर चालू ठेवलाय," तो म्हणाला. "तेवढा बघा. बघितलेलं तिला कळत नाही." मग तो वाकून पाया पडला आणि अण्णांनी त्याला उठवून पोटाशी धरलं. "हर्षलराव, बघा तिच्याकडं," एवढंच बोलले.

कराडवरून पुढं कोल्हापूरला जाणारी गाडी विजेची होती, आवाज न करता निघाली. अण्णांनी खिडकीची जागा धरली आणि फोन मांडीवर ठेवला. अंक बत्तीस होता. गाडी गावाबाहेर पडेपर्यंत बत्तीसच राहिला. खंबाटकीचा बोगदा ओलांडला तेव्हा छत्तीस झाला. अण्णांनी चष्मा पुसून परत बघितलं. छत्तीसच. साताऱ्याला लोक उतरले-चढले, कुणी त्यांच्या शेजारी बसलं, काहीतरी बोललं, आणि अंक त्रेचाळीस झाला.

वाढत होता! पोरीच्या अंगातलं ते कॉर्टिसॉलचं विष ओसरत होतं, उद्या पेशी आत जातील तेव्हा त्यांना वाढायला रान मोकळं मिळणार होतं. अण्णांना आनंदानं ओरडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी खिडकीकडे तोंड करावं लागलं. एकदा तरी, अगदी एकानं का होईना, अंक खाली यावा असं त्यांना वाटून गेलं. आपण लांब जातोय, तिला थोडं तरी जाणवावं. पुढच्याच क्षणाला आपण काय मागितलं ते उमगून त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. अंकानं त्यांचं ऐकलं नाही. तो चढतच राहिला.

कराड आलं. गाडी स्टँडात शिरली, फलाटाला लागली. कंडक्टर नवा होता, तरी अण्णांना ओळखणारा होता. तो मागे आला आणि त्यांची पिशवी उचलायला वाकला.

"अण्णा, आलं की कराड. उतरताय ना?"

अण्णांनी फोनकडे बघितलं. एकोणपन्नास. अंतराचा याच्याशी काडीचा संबंध नाही हे त्यांना कळत होतं. ती तिकडे पडदा ओढून शांत झोपली असेल, म्हणून अंक वाढतोय; आपण कराडात असलो काय नि कुठं असलो काय, तिला काही फरक पडत नाही. हे सगळं त्यांना नीट कळत होतं. त्यांनी कंडक्टरच्या हातातून पिशवी काढून घेतली आणि परत मांडीवर ठेवली.

"नाही," ते म्हणाले. "कोल्हापूरचं तिकीट फाड."